दुसरा ब्रेक

मी सत्तावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. आमच्या गावात आज जी माणसं हॉर्न वाजवून एकमेकांचा उद्धार करत फिरतात, त्यांतली निम्मी माझ्या हाताखालून गेलेली आहेत. आणि या सत्तावीस वर्षांत माझ्या गाडीवर साधा ओरखडा उठलेला नाही. हे मी भेटेल त्याला सांगतो. बायको म्हणते, तुम्ही पोस्टमनलासुद्धा सोडत नाही. बरोबर आहे, पण तोही माझ्याकडेच शिकलाय. त्याला नको का अभिमान वाटायला?

या विक्रमामागचं गुपितही सांगून टाकतो. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली एक जादा ब्रेक बसवलेला असतो. शिकणारा गोंधळला तर आपण दाबायचा, एवढ्यासाठीच. मी तो जरा लवकर दाबायचो. रस्त्याकडेला कुत्रं झोपलेलं दिसलं की दाबला. वळण आलं की वळणाच्या आधी दाबला. एकदा तर बंद दुकानासमोर दाबला, कारण ते उघडून कुणी बाहेर येऊ शकलं असतं. लोक मला पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त घरच्यांत आहे.

आमच्या लेकीलाही अर्थात मीच शिकवलं. अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला गाडीत बसवली. पोरगी हुशार. पुढे सहा वर्षं तिने पार्सल कंपनीची व्हॅन चालवली, गावातल्या गावात, सपाट रस्त्यावर. मग एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "बाबा, खोकी वाहून कंटाळा आला. आता माणसं वाहायची आहेत." डोंगरावरच्या आरोग्य केंद्राला ड्रायव्हर हवा होता. वरच्या वस्त्यांवर औषधं पोचवायची, आजाऱ्यांना खाली आणायचं. गाडी फोर व्हील ड्राइव्ह, रस्ता कच्चा. जागा एकच. आधी तीन आठवड्यांचं शिक्षण, मग परीक्षा. नापास झालं की यादीतला पुढचा माणूस.

पोरीने ती नोकरी अशी मनावर घेतली की आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. रोज संध्याकाळी चिखलाने माखलेले बूट दाराबाहेर काढायची आणि ताटावर बसल्या बसल्या आम्हाला उतार समजावून सांगायची.

"निसरड्या उतारावर ब्रेकला पायच लावायचा नाही," ती म्हणाली.

माझा घास हातातच राहिला. "मग गाडी थांबवायची कशी?"

"थांबवायची नसतेच. हळू उतरवायची. फोर व्हील ड्राइव्हचा छोटा लिव्हर लो-ला टाकायचा, पहिला गिअर, आणि क्लच, ब्रेक दोन्हीवरून पाय काढून घ्यायचे. इंजिनच गाडीला मागून धरून ठेवतं."

"आणि घसरली तर?"

"तर किंचित अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा."

मी ताटावरून उठलोच. उतारावर, चिखलात, घसरत्या गाडीला ही बाई वेग देणार. सत्तावीस वर्षं मी जे सांगत आलो ते सगळं तीन आठवड्यांत उलटं झालं होतं. पोरगी शांतपणे म्हणाली, "चाक फिरत असलं तर मातीला धरतं, बाबा. अडकलं की नुसतं घसरतं. आणि घसरणाऱ्या चाकाला स्टिअरिंगचं काही ऐकू येत नाही."

"उताराला काय शिकायचंय?" मी म्हणालो. "ब्रेक दाबायचा आणि देवाचं नाव घ्यायचं."

"तुम्ही दोन्ही माझ्या वतीने करायचात," ती म्हणाली. बायको उगाचच खोकली.

परीक्षेच्या दिवशी बायकोने मला बजावलं होतं, "तुम्ही जाऊ नका हो. तिचं तिला करू द्या." मी म्हणालो, मी नुसता लांबून बघेन. छत्री घेतली आणि गेलो. बायकोचं न ऐकल्याचा पश्चात्ताप मला आयुष्यात बऱ्याचदा झालाय, पण त्या दिवसाइतका नाही.

परीक्षेच्या त्या उताराला तिथले लोक साबण म्हणतात. पांढरट चिकणमाती, दीडशे पावलं लांब, आणि चढ असा की खाली उभा माणूस वरच्याचे बूटच आधी पाहतो. आठवडाभर पाऊस पडून गेलेला. डावीकडे मातीचा बांध, उजवीकडे खाली उतरत गेलेलं रान, तळाशी ओढ्यावर एक छोटा साकव आणि त्याच्यापुढे केंद्राची पत्र्याची शेड. मी वर उभा राहून खाली पाहिलं आणि दोन पावलं मागे सरलो.

परीक्षक नंतर तळाशी साकवापाशी उभा राहणार होता, पण अजून वरच होता. टक्कल पडलेला, चाळिशीचा, हातात कागद अडकवायची पाटी. मला पाहून म्हणाला, "सर, ओळखलंत का? मी तुमच्याकडेच शिकलो." मी लगेच ओळखल्याचं सोंग केलं. आपलाच विद्यार्थी परीक्षक, म्हणजे अर्धी लढाई जिंकली असं मला वाटलं. तेवढ्यात भलतीच अडचण निघाली. परीक्षेत ड्रायव्हरच्या शेजारी एक सोबती बसवायचा नियम होता, आणि केंद्रातली नर्स बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती ती उठेना.

"मी नव्या ड्रायव्हरबरोबर दोनदा बसलेय," ती म्हणाली. "आता नोकरी पक्की झालेल्याबरोबरच बसते. तुमच्यावर राग नाही हं, ताई."

मग बसणार कोण? परीक्षक घड्याळ बघायला लागला. मी छत्री मिटली आणि म्हणालो, "मी बसतो." लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की बायकोच तिथे येऊन उभी राहिल्यासारखं वाटलं. पण दुसरा इलाज नव्हता.

"बाबा, हात मांडीवर ठेवा," ती एवढंच म्हणाली.

आधी ती उतारावरून पायी खाली गेली, पायी वर आली. कुठे खड्डा, कुठे दगड, चाकं कुठून न्यायची ते बघून आली. हे मला आवडलं. मी कधी कुणाला असं करायला लावलं नव्हतं, पण आवडलं. मग गाडीत बसली, छोटा लिव्हर ओढला, पहिला गिअर टाकला आणि गाडी उताराच्या काठावरून पुढे घेतली. बॉनेट खाली झुकलं, आभाळ गेलं, काचेत नुसता चिखल उरला. इंजिन गुरगुरत गाडीला मागे ओढत होतं. आणि पोरीने दोन्ही पाय उचलून खाली सपाट ठेवून दिले.

ड्रायव्हरचे दोन्ही पाय रिकामे बसलेले मी जन्मात प्रथमच पाहत होतो. माझा पाय आपोआप खाली गेला. तिथे ब्रेक नव्हता, नुसतं रबराचं पायपुसणं होतं. मी ते जिवाच्या आकांताने दाबलं. गाडी आपली ठरलेल्या चालीने उतरत राहिली. तिसरा हिस्सा उतरलो असू, तेव्हा पुढची बाजू वीतभर सरकली. वीतभरच. पोरीचा पाय अ‍ॅक्सिलरेटरकडे जाताना मी पाहिला, आणि माझ्या हाताने, मला न विचारता, हँडब्रेक खचकन वर ओढला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मात्र मरायच्या अगदी जवळ जाऊनही गेली नाही. चाकं अडकली, गाडीची मागची बाजू रानाच्या दिशेने भिरकावली गेली, काचेसमोरून बांध सरकत गेला, आणि गाडी उतारावर आडवी होऊन एका अंगावर कलली. नशिबाने पुढचा कोपरा डावीकडच्या बांधात रुतला आणि ती तिथेच टेकली. एक दिवा फुटल्याचा आवाज आला. इंजिन बंद पडलं. कुठेतरी एक टिटवी ओरडली आणि गप्प झाली.

"बाबा, लागलं का कुठे?"

मी मानेनेच नाही म्हटलं. तिने हँडब्रेककडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं. हात अजून त्याच्यावरच होता.

परीक्षक घसरत, धडपडत वर आला. बूट घोट्यापर्यंत भरलेले. "काय झालं?"

"माझी चूक," पोरगी म्हणाली. "माझा हात हँडब्रेकला लागला."

मी तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही, म्हणून मिटलं.

"हँडब्रेक? साबणावर?" परीक्षकाने पाटीवरचा कागद उलटला. "ताई, ही चूक मला सोडता येणार नाही. मागे चार आजारी माणसं असती तर?"

"कळतंय मला," ती म्हणाली. मग मला गाडीतून उतरवून एकटीने गाडीचं तोंड बांधातून सोडवलं, उताराच्या दिशेने सरळ केलं आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात शेडपर्यंत उतरवून नेली. परीक्षक तिच्याकडे बघत होता. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

नर्सही पायवाटेने खाली आली होती, तिने शेडमध्ये चहा केला. परीक्षक टेबलाशी बसून फॉर्म भरत होता. पोरगी दाराशी उभी राहून, कपाला ओठही न लावता, उताराकडे पाहत होती. मी मूग गिळून बसलो होतो आणि आत वकिली चालली होती. आता बोलून काय उपयोग, झालं ते झालं. माझा हात खरंच आपोआप गेला, मुद्दाम थोडाच. वर्षभराने दुसरी जागा निघेल. शिवाय या माणसाला मी शिकवलंय, त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने सांगू? सत्तावीस वर्षांची अब्रू मी एका पारड्यात ठेवली, दुसऱ्यात पोरीची नोकरी ठेवली, आणि खरं सांगायचं तर काटा काही क्षण हलेना. याची मला आजही लाज वाटते.

मग परीक्षकाने शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं.

"हँडब्रेक मी ओढला," मी म्हणालो. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"बाबा, राहू द्या ना."

"राहू द्या काय? खोटं बोलायला मी शिकवलं का तुला?" चूक माझी, आणि चिडलो तिच्यावर. माझा स्वभावच तसा आहे.

तीही शेवटी माझीच मुलगी. कप दणकन टेबलावर ठेवून म्हणाली, "ब्रेक दाबायला तरी कुठे शिकवलंत? तो सगळा वेळ तुम्हीच दाबत होतात. तुमच्याकडून लायसन घेऊन मी पहिल्यांदा एकटी निघाले ना, तेव्हा पहिल्याच चौकात मला कळलं, मला गाडी थांबवता येत नाही. चार महिने मी पहाटे उठून मोकळ्या मैदानात ब्रेक शिकत होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

नर्सने कपात तोंड घातलं, पण तिचे खांदे हलत होते. मी मदतीसाठी परीक्षकाकडे पाहिलं. म्हटलं, हा तरी गुरूची बाजू घेईल.

"सर, रागावू नका," तो म्हणाला, "पण मी तर पहिल्यांदा एकटा निघालो तेव्हा गाडीसकट न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर चढलो होतो. आत एकाची दाढी चालली होती. महिनाभर तुमच्या शेजारी बसून मला वाटायचं, आपला ब्रेक काय अचूक लागतो."

आता नर्सही उघड उघड हसायला लागली. मी काय करणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि मी तर हात दाखवून थांबलो नव्हतो, त्याने हँडब्रेक ओढलाही होता. आधी कान तापले, मग मला त्या दाढीवाल्याचा चेहरा डोळ्यांसमोर दिसला, आणि मलाही हसू आवरेना.

परीक्षक मात्र लगेच गंभीर झाला. पोरीला म्हणाला, "ताई, वडिलांना झाकलंत ते माणूस म्हणून समजू शकतो. ड्रायव्हर म्हणून नाही. वर फोन लागत नाही. गाडीत काय घडलं ते तुम्ही सांगाल त्यावरच आम्ही पुढची फेरी ठरवणार. हे मी फॉर्मवर लिहिणार आहे."

"लिहा," ती म्हणाली. "पुन्हा होणार नाही."

"आणि दुसरी गोष्ट. वरून येणारी माणसं घाबरलेली असतात. हात धरतात, स्टिअरिंग ओढतात, दार उघडतात. त्यांना सांभाळणं हेही ड्रायव्हरचंच काम. म्हणून फेरी पुन्हा करायची. सोबती हेच."

"मी नको," मी घाईने म्हणालो. "नर्सबाईंना विचारा. मी इथूनच बघतो."

"बसा, बाबा," पोरगी म्हणाली. असा आवाज मी शिकवताना वापरायचो.

गाडी दुसऱ्या वाटेने फिरवून पुन्हा वर नेली. यावेळी तिने निघायच्या आधी मागून औषधांची पेटी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आत काचेच्या बाटल्या, ओळीने उभ्या. "ही दोन्ही हातांनी धरायची," ती म्हणाली. "आणि कान द्यायचा. बाटल्या वाजल्या की मला सांगायचं. एवढंच काम, पण महत्त्वाचं आहे."

मला ती युक्ती कळली. रडणाऱ्या मुलाच्या हातात चाव्यांचा जुडगा देतात, तशातलाच प्रकार. पण पेटी खरी होती आणि बाटल्याही खऱ्या होत्या, त्यामुळे मी ती धरली.

पुन्हा आभाळ गेलं, चिखल आला. इंजिन गुरगुरलं. तिचे पाय खाली सपाट. माझा पाय पायपुसण्यावर दाबला गेला, ते मी कबूल करतो, पण हात पेटीवर होते. आपल्याच आधीच्या चाकोऱ्या टाळून ती बांधाच्या बाजूने उतरत होती, नाक सरळ उताराकडे. मधल्या टप्प्यावर पुढची चाकं पुन्हा सरकली. बाटल्या किणकिणल्या.

"वाजल्या," मी म्हणालो.

"ऐकलं."

तिने पाय उचलला आणि अंगठ्याने पोस्टाचं तिकीट चिकटवावं इतकाच अ‍ॅक्सिलरेटर दिला. जे व्हायला नको असं मी आयुष्यभर ओरडून सांगितलं, तेच तिने केलं, आणि चाकांनी माती धरली. गाडीने अंग सावरलं, स्टिअरिंगचं ऐकलं, आणि बाटल्या गप्प झाल्या. तळ येईपर्यंत त्या पुन्हा वाजल्या नाहीत. मी पेटी मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो. ती म्हणाली, "बाबा, पोचलो. सोडा आता." तेव्हा कुठे माझी बोटं सुटली.

परीक्षकाने मान हलवली. "शेवटची एक. रिकामी गाडी, एकटी. हलकी गाडी जास्त सरकते, ते बघायचंय." मला उतरवून ती वर गेली. मी परीक्षकाशेजारी साकवापाशी उभा राहिलो.

आणि तिथे उभं राहिल्यावर मला एक विचित्र गोष्ट जाणवली. मी हजारो माणसांना गाडी शिकवली, पण त्यांच्यातल्या एकालाही बाहेर उभं राहून गाडी चालवताना पाहिलं नव्हतं. मी कायम आत, शेजारी. शिकून झालं की दुसरा विद्यार्थी, पुन्हा आत. माझ्या स्वतःच्या मुलीलाही मी कधी बाहेरून पाहिलं नव्हतं. पार्सलची व्हॅन ती सहा वर्षं चालवत होती, आणि मी एकदाही रस्त्यावर थांबून बघितलं नाही. समोर आली असती तर मी बहुधा तिला हात करून थांबवून काहीतरी सूचना दिली असती.

वर गाडी काठावर आली, नाक झुकलं आणि ती उतरायला लागली. लांबून आवाज लहान वाटत होता. रिकामी गाडी खरंच जास्त सरकत होती. एकदा मागची बाजू हलली, माझा पाय चिखलात दाबला गेला, तोवर तिने ती सरळ केलीसुद्धा होती. तिचा चेहरा दिसायला लागला. जीभ एका बाजूला गालात दाबलेली, नजर पुढच्या दहा पावलांवर. ती घाबरलेली नव्हती. ती मजेत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि बघायचं कारणही नव्हतं.

यातलं काही मी तिला शिकवलेलं नव्हतं. हे लक्षात येऊन मला वाईट वाटायला हवं होतं. मी थोडा वेळ वाट पाहिली, पण वाईट काही वाटेना. उलट इतका आनंद झाला की मी शेजारच्या परीक्षकाचा दंड धरला आणि म्हणालो, "माझी मुलगी आहे ती." जणू त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं.

"पास आहे, सर," तो दंड सोडवून घेत म्हणाला. "सोमवारपासून कामावर."

गाडी साकवावर आली. पोरीने काच खाली केली. "झालं ना? बसा, बाबा, शेडपर्यंत सोडते."

माझे डोळे भरून आले होते आणि ते तिने पाहावेत अशी माझी इच्छा नव्हती. "तू हो पुढे," मी म्हणालो. "मी येतो चालत."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, काच वर केली आणि गाडी पुढे घेतली. मी तिच्यामागून चिखलातून चालत राहिलो, आणि ती वळून दिसेनाशी होईपर्यंत एकदाही हळू चालव म्हणून ओरडलो नाही.